आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि दारात येणारे आम्ही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मी आरोग्य सेवक म्हणून लागलो, तेव्हा गावात मला सगळे 'मलेरियावाला' म्हणायचे. आता आरोग्य सहायक झालो, तरी नाव तेच राहिलंय. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत लोक जे विचारतात तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. आमचा भाग सोलापूर जिल्ह्यातला, पालखी मार्गालगतचा. निम्मा बागायती, निम्मा कोरडवाहू. कोकणात किंवा मेळघाटात थोडाफार फरक पडेल, पण कामाची घडी हीच.

आरोग्य केंद्र म्हणजे सरकारी दवाखानाच ना?

दवाखाना आहेच. सकाळची ओपीडी, बाळंतपणाची खोली, छोटी प्रयोगशाळा, औषधांची खिडकी हे सगळं तुम्ही पाहिलेलं असतं. पण केंद्राचे निम्म्याहून जास्त लोक त्या वेळी इमारतीत नसतातच. कुणी विहिरीवर असतं, कुणी अंगणवाडीत लसीकरणाला, कुणी वस्तीवर बाळंतिणीच्या घरी. सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० ला एक उपकेंद्र असा निकष आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात तो २०,००० आणि ३,००० असा आहे. या सगळ्यांना खोकला-तापाची गोळी देणं एवढंच काम असतं, तर डॉक्टर आणि कंपाउंडर पुरले असते.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. केंद्र आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणजे वर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्या वर जिल्हा आरोग्य अधिकारी. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय मात्र सिव्हिल सर्जनच्या हाताखाली येतं. त्यामुळे तिथली तक्रार घेऊन जिल्हा परिषद सदस्याकडे गेलात, तर तो बिचारा मान डोलावण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

आधी कुठे जायचं?

बीपी-शुगर तपासायची असेल, गरोदरपणाची नोंद करायची असेल, लस, मलमपट्टी किंवा साधा ताप असेल तर उपकेंद्रात. तिथे सिस्टर असतात, आणि बऱ्याच ठिकाणी आता समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. पाटीवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलेलं असतं. ते पाहून नारळ घेऊन आलेल्या एक आजी मला माहीत आहेत. डॉक्टरनेच बघायला हवं असं वाटलं तर केंद्रात या. हाड मोडलं, सिझर लागणार, अपघात झाला, तर वाटेत आमच्याकडे थांबू नका. १०८ ला फोन करा आणि पुढे जा.

पैसे किती लागतात?

काहीच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलासुद्धा पैसे पडत नाहीत.

दारात येऊन तुम्ही वहीत काय लिहिता? ताप नाही म्हटलं तरी पंधरा दिवसांनी परत का येता?

पंधरा दिवसांपूर्वी ताप नव्हता म्हणूनच परत येतो. हिवतापाचं काम असं चालतं : पंधरवड्यातून एकदा प्रत्येक घर, आणि घरात किंवा गावाला गेलेल्यांपैकी कुणाला ताप येऊन गेला का, एवढा एकच प्रश्न. आला असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब घ्यायचे, एक जाडसर राहू द्यायचा आणि दुसरा काचेच्या कडेने पातळ पसरायचा. पूर्वी ताप दिसला की आम्ही क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर टेकवायचो. आता तपासल्याशिवाय देत नाही.

रिपोर्टमध्ये व्हायवॅक्स, म्हणजे हिवतापाचा एक प्रकार, निघाला तर लोक दोन दिवस गोळ्या घेतात, ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फळीवर जातात. तीन दिवसांच्या क्लोरोक्विननंतर प्रायमाक्विन चौदा दिवस असते, कारण हा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. गोळ्या संपल्या का बघायला मी येतो तेव्हा पाकीट समोर ठेवा. 'घेतल्या की हो' एवढ्यावर माझं समाधान होत नाही, याचा राग मानू नका. गरोदर बाईला प्रायमाक्विन देत नाहीत, म्हणून तेही आधी विचारतो.

घराची फेरी झाली की आम्ही दारावर तारीख टाकतो, ती पद्धत आमच्याही आधीची. भिंतीवर गेरूने लिहिलेलं 'देवीचा रोगी कळवा आणि १००० रुपये मिळवा' जुन्या लोकांना अजून आठवतं. भारतात पसरलेल्या देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालचा. आमच्याकडे बक्षीस कुणाला मिळालं नसेल, पण गावात पुरळ दिसलं की सरकारला सांगायचं असतं हे त्या भिंतींनी लोकांना शिकवलं.

चार दिवसांनी एकदा नळ येतो. भरून ठेवलेलं पाणी ओतून द्या म्हणता, हे तुम्हाला पटतं का?

खरं सांगू? सरसकट पटत नाही. ज्या गावात रोज पाणी येतं तिथे 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' हे सांगणं सोपं आहे. आमच्या अर्ध्या गावांत बाईने दोन तास रांगेत उभं राहून भरलेला हौद मी ओत म्हणालो, तर ती मलाच ओतेल.

पण त्या मागचं गणित समजून घ्या. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला तुमचंच स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठव्या दिवसाच्या आत भांडं एकदा कोरडं झालं की साखळी तुटते. पाणी ओतता येत नसेल तर रांजणाला, बॅरलला जुन्या धोतराचा कपडा घट्ट बांधा. झाकणाला बाजूने फट राहते, कपड्याला राहत नाही. खर्चाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात आम्ही अबेट हे अळ्या मारणारं औषध टाकतो किंवा अळ्या खाणारे गप्पी मासे सोडतो. मासे सोडल्यावर दुसऱ्या दिवशी हौदात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारून ठेवणारेही भेटतात.

पाणी बदलताना नुसतं पालथं घालून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीवर, आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नारळाच्या काथ्याने आतून घासा.

कंटेनर सर्व्हेला, म्हणजे पाण्याची भांडी तपासायला, आम्ही आलो की लोक स्वयंपाकघरातला पिण्याचा माठ दाखवतात. त्यात अळ्या जवळपास कधीच सापडत नाहीत. माझी बॅटरी जाते फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, कूलरच्या तळाशी, माडीवर टाकलेल्या टायरात, तुळशीजवळच्या करवंटीत. गेल्या पावसाळ्यात एका बंगल्यात सगळं चकचकीत होतं आणि जिन्याखालच्या मोडक्या वॉशिंग मशीनमध्ये बोटभर पाणी होतं. उजेड पडल्याबरोबर अळ्या शेपटी हलवत तळाला गेल्या. घरमालक शिक्षक होते. त्यांनी मुलांना बोलावून दाखवलं, ते मला आवडलं.

मग धुरळणी का करत नाही? शेजारच्या गावात मशीन आलं होतं.

धुराने उडणारा डास मरतो, अळी मरत नाही. उद्या-परवा नवी पिढी बाहेर पडतेच. शिवाय हा डास घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसतो, आणि मशीन आलं की लोक दारं-खिडक्या लावून घेतात. साथ लागलेल्या घरांभोवती धुरळणीचा उपयोग आहे, म्हणून तिथे करतो. बाकी वेळी ती बहुतेक निवडणुकीच्या आसपास होते.

विहिरीत पावडर किती टाकायची हे तुम्ही कसं ठरवता?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून सविस्तर सांगतो. पावडर म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. चांगल्या ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि १,००० लिटर पाण्याला साधारण ५ ग्रॅम लागते. विहिरीत पाणी किती हे काढायला दोरी, दगड आणि एक आकडा पुरतो : ७८५. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा, मग ७८५ ने. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर ३७,६८० लिटर होतात. म्हणजे १८८ ग्रॅम, वजनाला १९० धरा. यात कुठेही 'दोन ओंजळी' येत नाहीत, पण बऱ्याच गावांत माप तेच आहे.

टाकायचीही रीत आहे. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर लोण्यासारखी कालवायची, मग बादली पाऊण भरायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि वर-खाली हेंदकाळायची. चुना विहिरीत टाकायचा नाही. मग निदान अर्धा तास कुणी पाणी शेंदायचं नाही. सणाच्या दिवशी सकाळी सातला हा अर्धा तास गावाला पटवणं हे माझ्या नोकरीतलं सर्वात अवघड काम असेल.

पावडर आणायची ग्रामपंचायतीने, टाकायची जलसुरक्षकाने, आणि ती नीट पडली का हे तपासायचं आम्ही. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडून जातं. क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेलं की त्या पावडरीला खडूपेक्षा फार किंमत राहत नाही. गणपतीच्या मांडवाच्या बांबूंखाली ठेवलेलं, तोंड न बांधलेलं पोतं मी एकदा पाहिलंय. तारीख आतली होती, कागदोपत्री सगळं बरोबर होतं.

नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. आमच्या नळाला कमी टाकता येईल का?

थोडा वास येतोय म्हणजे पाणी तुमच्यापर्यंत पोचेतो क्लोरीन शिल्लक आहे. तेच आम्ही शोधत असतो. ओटी टेस्टमध्ये पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम हवं, साथ असेल तर ०.५. टाकीजवळच्या नळाचं पाणी तपासून 'योग्य' लिहिणं सोपं असतं, म्हणून मी नेहमी वस्तीच्या टोकाचं घर गाठतो. वास फारच झाला तर पाणी उघड्या भांड्यात तासभर ठेवा. पण फिल्टरवाल्याचं ऐकून पावडर बंद करायला ग्रामसभेत ठराव आणू नका. असा ठराव मी ऐकलेला आहे.

आमच्या गावाला लाल कार्ड मिळालं म्हणजे काय?

पावसाळ्याआधी आणि नंतर आम्ही पाण्याच्या प्रत्येक उद्भवाची पाहणी करतो. विहिरीचा कठडा, हातपंपाचा ओटा, पाइपची गळती, जवळचा उकिरडा, टीसीएलचा साठा हे सगळं बघतो. जोखीम जास्त तर लाल कार्ड, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. लाल कार्ड शिक्षा म्हणून देत नाहीत. सरपंचांना मात्र ते शिक्षेसारखं वाटतं, आणि आमच्या अनुभवात त्याचा उपयोगही तेवढ्यामुळेच होतो.

लस दिल्यावर बाळाला ताप येतो, मग का द्यायची?

ताप बहुतेक दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीनंतर येतो. एक-दोन दिवसांत जातो. सिस्टर देतात ती पॅरासिटामॉल सांगितलेल्या मापाने द्या, टोचलेली जागा चोळू नका, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. बीसीजीची, म्हणजे टीबीच्या लसीची, गोष्ट वेगळी. डाव्या दंडावर काही आठवड्यांनी पुटकुळी येते, फुटते, व्रण राहतो. ते व्हायलाच हवं असतं. त्याच्यावर हळद, राख, चुना काही नको. आजींना हे मी हात जोडून सांगतो, त्या मान हलवतात आणि मी वळलो की हळद लावतात.

सत्राच्या दिवशीच का यायचं? लस तर तुमच्या फ्रिजमध्ये रोज असते.

साधा फ्रिज नाही, आयएलआर, म्हणजे लसीसाठीचा खास फ्रिज. त्यात २ ते ८ अंश तापमान लागतं आणि ते रोज दोनदा वहीत लिहावं लागतं, रविवारीही. तिथून लस निघते ती निळ्या डब्यातून, चार बर्फाच्या आइसपॅकमध्ये. थेट डीप फ्रीजरमधून काढलेला पॅक लावला तर पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) या लसी गोठून वाया जातात. म्हणून सिस्टर पॅक बाहेर काढून ठेवतात आणि मधून मधून कानाशी हलवून बघतात. आत पाणी खळखळलं की मगच डबा भरायचा. सकाळी साडेआठला केंद्राच्या ओट्यावर प्लास्टिकची पाकिटं कानाशी धरून उभ्या असलेल्या बाया दिसल्या तर हे त्याचं कारण.

बाटलीवर एक छोटं गोल चिन्ह असतं, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. उष्णता लागत गेली की तो गडद होत जातो. बघायला मागा, कोणतीही सिस्टर दाखवेल. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणून रोज एकेका बाळाला देण्यापेक्षा सत्र ठेवतात. तरी सत्राला एकच बाळ आलं तर त्याच्यासाठी बाटली उघडतो. वाया गेलेली लस परवडते, परत गेलेलं बाळ पुढच्या महिन्यात येईलच असं नाही.

आम्ही ऊसतोडीला जातो. मधले डोस सुटले, आता पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. दिलेला डोस मोजतात, फक्त कार्ड सांभाळा. ते पिवळं-गुलाबी माता-बाल कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाला न ठेवता कोयत्यासोबत बाहेर राहील असं ठेवा.

हा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी येतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या कारखान्यांच्या गावी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. बाळ जन्मतं एका जिल्ह्यात, दीड महिन्याचं होतं दुसऱ्यात, नऊ महिन्यांचं तिसऱ्यात. दोन्हीकडच्या वहीत त्याच्यापुढे 'स्थलांतरित' लिहिलेलं असतं आणि दोन्हीकडची सिस्टर समजते की दुसरीने दिलं. म्हणून गळीत हंगामात आम्ही फडावर आणि कोप्यांवर सत्र घेतो, तेही संध्याकाळी, कारण दिवसा तिथे पोरं सांभाळणारी आठ वर्षांची बहीणच असते आणि ती संमती देऊ शकत नाही. एकदा ट्रॅक्टरच्या हेडलाइटच्या उजेडात सिस्टरांनी सात बाळांना लस दिली. आठवं पाचटात झोपलं होतं, ते मुकादमाच्या बायकोने शोधून आणलं.

गोवर-रुबेलाचा डोस नऊ महिन्यांनी राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. बीसीजी एक वर्षापर्यंत. उशीर झाला म्हणून कुणी ओरडेल या भीतीने येणं टाळू नका. ओरडलं तर मला सांगा.

बाळंतपणाला काय काय फुकट मिळतं, आणि पैसे कधी येतात?

घरून आणायला आणि परत सोडायला १०२ ची गाडी, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त आणि सिझर, शिवाय जेवण : साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझरमध्ये सात. बाळ आजारी पडलं तरी हेच. २०११ पासूनची ही योजना आहे, तरी 'चहापाणी' मागणारे भेटतात. देऊ नका.

पैशांच्या योजना वेगळ्या. जननी सुरक्षेचे ७०० रुपये ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती आणि जमातीच्या मातांना. मातृवंदनेचे पहिल्या बाळाला ५,००० दोन हप्त्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं. तिसऱ्या महिन्यात नोंद करतानाच हे बघून घ्या. बाराव्या आठवड्याच्या आत नोंद केली की रक्त कमी आहे का हेही वेळेत कळतं, आणि ते पैशांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, बाळाचं वजन-तापमान घेतात. गावातल्या बाईने घरी येऊन नवजात बाळ वाचवायचं ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली, पुढे देशाने घेतली. आशाताईंना उंबऱ्यात उभं करून 'बाळ झोपलंय' सांगू नका.

आशाताईंना पगार किती असतो?

पगार नसतो, मोबदला असतो. काही ठरावीक, बाकी प्रत्येक कामाचा वेगळा, आणि तो वेळेवर येतोच असं नाही. याउपर त्यांनाच विचारा, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

साप चावला तर केंद्रात इंजेक्शन असतं का?

असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच औषध चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. आणतात. एकदा टेबलावर पिशवी हलली आणि ओपीडी रिकामी झाली. चीर देणं, दोरी आवळणं, तोंडाने ओढणं यातलं काही करू नका. अंगठी-बांगड्या काढा, हात-पाय फळी बांधून हलू देऊ नका, आणि निघा.

डॉक्टर लगेच इंजेक्शन देत नाहीत म्हणून नातेवाईक चिडतात. साप बिनविषारी असू शकतो, आणि औषधाचीही रिअॅक्शन येते. म्हणून कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस-फुरशाचं विष भिनलंय. मण्यार मात्र या परीक्षेत सापडत नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, गिळता येत नाही, पापण्या जड होतात. 'रात्री काही खाल्लं असेल' म्हणून ओवा देत बसलेली घरं मी पाहिलीत. पापणी पडत असेल तर ओवा नको, गाडी काढा.

विंचवाचंही सांगतो. कोकणातल्या लाल विंचवाने माणसं मरायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवलं तेव्हापासून ती वाचू लागली. ही साधी गोळी असते. दरदरून घाम, हात-पाय गार, छाती धडधडणं, अशी लक्षणं असतील तर उतारा घालत बसू नका.

पिसाळलेल्या म्हशीचं दूध प्यायलो, सगळ्या वाडीला इंजेक्शन द्या.

दूध उकळलेलं होतं ना? मग रेबीज होत नाही. ही चाळीस माणसांची रांग दर वर्षी एकदा लागतेच. आणि ज्याला खरंच कुत्रं चावलंय तो मात्र चुना-मिरची लावून घरी असतो. जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन, पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळं औषध सोडावं लागतं. 'कुत्रं अजून जिवंत आहे' म्हणून तिसरा-चौथा डोस स्वतःहून सोडू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास नसतोच.

टीबीची तपासणी केली तर गावात कळेल का?

आमच्याकडून कळणार नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर दोन बेडके द्यायचे, एक तिथेच आणि एक पहाटेचा. निघालाच तर गोळ्या रोज, सहा महिने. लघवी केशरी होते, घाबरू नका, औषधाचा रंग आहे. आहारासाठी आधी महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० खात्यावर येतात. एका तरुणाने मला सांगितलं होतं, 'भाऊ, तुम्ही आलात की सगळ्यांना समजतं.' त्याचं लग्न ठरत होतं. सहा महिने आम्ही दोघं त्याच्या उसाच्या बांधावर भेटलो. तो बरा झाला, लग्नाची पत्रिकाही आली.

अंगावर फिका चट्टा आहे, दुखत नाही, खाजत नाही.

न दुखणं हीच तक्रार समजा आणि दाखवा. कुष्ठरोग असला तर सहा किंवा बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी जातो, आणि लवकर आलात तर बोटं वाकडी होत नाहीत.

पालखीत तुमचं काय काम?

नातेपुते ते वाखरी या पट्ट्यात माउलींची पालखी येते तेव्हा आमच्या रजा बंद होतात. लोकांना रस्त्यावरचे मलमपट्टीचे तंबू आणि पायाला तेल चोळणारे दिसतात. माझी ड्युटी बहुतेक वेळा टँकर भरण्याच्या ठिकाणी असते. १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम टीसीएल, हातात वही, शर्टाच्या खिशात ओटीची बाटली. ड्रायव्हरला घाई असते, मागे अकरा टँकर हॉर्न वाजवत असतात, आणि मी अर्धा तास धरून बसलेला असतो. त्याआधी पंधरा दिवस मार्गावरच्या प्रत्येक विहिरीला आणि हॉटेलाला भेट देऊन झालेली असते. एवढी माणसं एवढ्या गावांतून जाऊन पटकी लागत नाही, याची कुठे बातमी येत नाही.

डॉक्टर जागेवर नसतात, याचं काय?

खरं आहे, काही ठिकाणी नसतात. एका केंद्राला दोन डॉक्टर असं कागदावर असतं. एक रजेवर, दुसरा तालुक्याच्या आढावा बैठकीला, असं घडतं. सिस्टरचे चार-चार तास मोबाइलवरच्या पोर्टलांत माहिती भरण्यात जातात, तेही खरं. तक्रार करायची तर तारीख-वेळ लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा, किंवा १०४ या हेल्पलाइनवर. सिस्टरवर ओरडून काही होत नाही, रात्री बाळंतपणाला त्याच जाग्या असतात.

जन्माचा दाखला तुम्ही देता का?

ग्रामपंचायत देते. २१ दिवसांच्या आत नोंद करा, नाव नंतर घालता येतं.

तुम्हाला रात्री फोन केला तर चालेल का?

चालेल. कुठल्या गोष्टींसाठी, ते सांगतो. एकाच आळीत दोन दिवसांत तीन-चार जणांना जुलाब-उलट्या, एका वस्तीवर बरेच ताप, मुलाला तापासोबत लाल पुरळ, किंवा १५ वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडणं. शेवटचं विशेष लक्षात ठेवा. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी लुळेपणाच्या प्रत्येक मुलाची शौचाचे नमुने घेऊन तपासणी होते. त्यासाठी ते मूल आधी आम्हाला कळावं लागतं.

एका पावसाळ्यात रात्री साडेनऊला मेडिकलवाल्याचा फोन आला. 'भाऊ, ओआरएसची पाकिटं संपली. सगळी गिऱ्हाइकं खालच्या आळीची.' सकाळी सहाला सिस्टर, आशाताई आणि मी आळीत होतो. घरोघर विचारत गेलो तर अकरा जण निघाले, तीन लहान मुलं. टाकीजवळच्या नळाला ओटी पिवळी आली, आळीच्या शेवटच्या नळाला पाणी पांढरंच राहिलं. मधला पाइप गटारातून गेलेला, आणि जॉइंटला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. नळ बंद झाला की रिकाम्या पाइपात गटार ओढलं जात होतं. पाणी बंद केलं, टँकर मागवला, नमुना प्रयोगशाळेला पाठवला. प्रत्येक घरात एक लिटर पाण्यात एक अख्खं पाकीट असं ओआरएस कालवून दाखवलं, मुलांना चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या दिल्या. दोघांना सलाइनला केंद्रात नेलं. दुपारी प्लंबर पट्टी कापत होता तेव्हा मेडिकलवाला मोटरसायकलवरून ओआरएसचा नवा बॉक्स घेऊन आला आणि विचारत होता, आणखी किती मागवून ठेवू?